दीर्घकालीन उपचारांतील औषधांचा पुनर्पुरवठा : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, दमा अशा दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत रोगनिदान एकदा होते; औषध मात्र दरमहा लागते. डॉक्टरांची भेट सहा महिन्यांतून एकदा झाली तरी तेवढ्या काळात औषधाच्या दुकानाची पायरी सहा वेळा चढावी लागते. आरोग्यसेवेवरील चर्चेत डॉक्टर, रुग्णालये व खाटा यांना जे स्थान मिळते ते या सहा फेऱ्यांना मिळत नाही. रुग्ण जुनी चिठ्ठी घेऊन, किंवा चिठ्ठी हरवली असल्यास गोळ्यांची रिकामी पट्टी घेऊन 'मेडिकल'वर जातो. एरवी त्याला औषध मिळते, एखाद्या दिवशी मिळत नाही. असे का झाले याचे समाधानकारक उत्तर त्याला दुकानात मिळत नाही व पुष्कळदा विक्रेत्यालाही ते देता येत नाही.

प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील परिस्थिती समोर ठेवून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध मिळविताना येणाऱ्या अडचणी, त्यांमागील नियम व त्या सोडविण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे. औषधाचा पुनर्पुरवठा ही विक्रेत्याच्या मर्जीची अथवा ओळखीची बाब आहे, हा समज दोन्ही जिल्ह्यांत सार्वत्रिक आहे. कायद्याने मात्र त्यासाठी एक साधा मार्ग फार पूर्वीच आखून ठेवला आहे. तो वापरला जात नाही, हीच खरी अडचण होय.

नियम काय सांगतो :

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व त्याखालील नियम, १९४५ यांनुसार देशातील औषधविक्रीचे नियमन होते. किरकोळ विक्रेत्याच्या परवान्याच्या अटी नियम ६५ मध्ये दिलेल्या आहेत. अनुसूची एच, एच १ व एक्स यांतील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच नियमातील पुढचा भाग सहसा कोणी वाचत नाही. चिठ्ठी लेखी असावी, तीवर डॉक्टरांची सही व दिनांक असावा, रुग्णाचे नाव व पत्ता असावा, औषधाची एकूण मात्रा व घेण्याचे प्रमाण नमूद असावे, अशी त्यात अपेक्षा आहे. यानंतर पुनर्पुरवठ्याविषयीची तरतूद येते. चिठ्ठीवरील औषध एकदाच द्यावे. परंतु 'हे औषध पुन्हा द्यावे' असे डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहिले असल्यास ते पुन्हा देता येते. किती वेळा अथवा किती दिवसांच्या अंतराने द्यावे हे लिहिले असेल तर विक्रेत्याने त्याप्रमाणेच द्यावे. औषध देताना डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचे नाव, पत्ता व दिनांक नोंदवावा. पूर्वी दिलेले औषध पुन्हा देताना आपल्या नोंदवहीत मागील नोंदीचा संदर्भ दिला तरी पुरते, इतकी सवलतही नियमाने विक्रेत्याला दिलेली आहे.

याचा अर्थ असा की '१-०-१, ३० दिवस' असे लिहिलेली चिठ्ठी ६० गोळ्या दिल्या की कायद्याच्या दृष्टीने संपते. पुढील महिन्यात त्याच कागदावर औषध देणारा विक्रेता रुग्णाची सोय करीत असतो आणि स्वतःच्या परवान्याची अट मोडीत असतो. 'ही औषधे दर ३० दिवसांनी, एकूण ६ वेळा द्यावीत' अशी एक ओळ डॉक्टरांनी लिहिली तर तोच व्यवहार पूर्णपणे नियमात बसतो. एवढ्या एका ओळीने रुग्णाच्या पाच फेऱ्या व पाच वेळचे तपासणी शुल्क वाचते. तरीही ती ओळ असलेली चिठ्ठी अपवादानेच पाहावयास मिळते.

सगळीच औषधे एका कप्प्यात बसत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. इन्सुलिन व मेटफॉर्मिन ही मधुमेहाची औषधे अनुसूची जी मध्ये आहेत. त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना असते. पुनर्पुरवठ्याचे वर सांगितलेले बंधन अनुसूची एच, एच १ व एक्स यांना लागू होते. अॅटेनोलॉल व कार्बामाझेपिन यांसारखी औषधे अनुसूची एच मध्ये येतात. अनुसूची एच १ ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने आली व मार्च २०१४ पासून अंमलात आली. तीत काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे तसेच अल्प्राझोलाम, ट्रामाडोल यांसारखी सवय लावणारी औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. अनुसूची एक्स मधील औषधांसाठी तर चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत दुकानात राहते. एकाच चिठ्ठीवरील चार औषधांपैकी तीन मिळतात आणि चौथे नाकारले जाते, त्याचे कारण बहुधा या वर्गवारीत सापडते. 'याच दुकानदाराने मागच्या वेळी दिले होते' हा युक्तिवाद अशा वेळी उपयोगी पडत नाही.

चिठ्ठी आणि प्रत्यक्ष व्यवहार :

व्यवहारात चिठ्ठीचे जे रूप दिसते ते नियमापासून दूर आहे. पुनर्तपासणीच्या वेळी अनेक डॉक्टर रुग्णपत्रिकेवर केवळ 'सी.एस.टी.' ही तीन अक्षरे लिहितात. 'तेच उपचार चालू ठेवावेत' असा त्यांचा अर्थ. डॉक्टरांना ते पुरेसे वाटते, कारण मागील पान त्यांच्या समोर असते. दुकानात मात्र त्या तीन अक्षरांवरून ना औषधाचे नाव कळते, ना प्रमाण. काही रुग्ण चिठ्ठी फाटू नये म्हणून तिला प्लास्टिकचे आवरण करून घेतात. काळजी चांगली, पण अशा चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का उमटत नाही व औषध कितव्यांदा दिले गेले हे कोणालाच सांगता येत नाही. शिक्क्याने चिठ्ठी खराब होते हा समजही सोडावयास हवा. पुनर्पुरवठ्याच्या चिठ्ठीवर प्रत्येक शिक्का हा रुग्णाचा पुरावा असतो. छापील बिलांवरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. त्यामुळे चिठ्ठी व बिल यांचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवणे सोयीचे ठरते.

औषध नाकारले जाण्याचे आणखी एक कारण दुकानात फार्मासिस्ट हजर नसणे हे असते. फार्मसी अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ नुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. २०१२-१३ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, आयुक्त महेश झगडे यांच्या कार्यकाळात, या तरतुदीची कडक अंमलबजावणी सुरू केली. त्यास विरोध म्हणून औषध विक्रेत्यांनी राज्यभर आंदोलने केली. त्या काळात ज्यांच्या हाती नीट लिहिलेली चिठ्ठी नव्हती अशा रुग्णांची ओढाताण झाली. ओळखीवर चालणारी व्यवस्था तपासणीच्या दिवशी कशी कोलमडते, याचे ते ठळक उदाहरण होय. तपासणी थांबवावी असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. दोष चिठ्ठीत होता.

कोणता खंड किती धोक्याचा :

औषध मिळण्यास दोन दिवस लागणार असतील तर त्याचे परिणाम सर्व रुग्णांवर सारखे होत नाहीत. थायरॉईडसाठी दिले जाणारे थायरॉक्सिन शरीरात दीर्घकाळ टिकते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यावयास सुमारे आठवडा लागतो. एखाद-दुसरा दिवस चुकल्याने सहसा मोठी हानी होत नाही. याउलट अपस्माराचे औषध एकाएकी बंद झाल्यास झटके लागोपाठ येऊन जिवावर बेतू शकते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या रुग्णाचे क्लोपिडोग्रेल पहिल्या काही महिन्यांत थांबल्यास स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. अॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल या गटातील औषधे अचानक सोडल्यास छातीतील वेदना बळावतात. बरेच महिने चाललेली स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करणेही असेच घातक आहे. अल्प्राझोलामची अवस्था सर्वांत विचित्र म्हणावी लागेल. दीर्घकाळ घेतल्यावर ते एकाएकी बंद केल्यास कंप, निद्रानाश व क्वचित झटके येतात. आणि नव्या चिठ्ठीशिवाय विक्रेता जे औषध सर्वांत आधी नाकारतो, त्यांतही तेच असते. अशा औषधांच्या बाबतीत पट्टी संपेपर्यंत वाट पाहू नये. किमान दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची तजवीज करणे इष्ट होय.

इंग्लंडमध्ये अडलेल्या रुग्णाला, त्याने पूर्वी घेतलेले औषध, बहुतांश औषधांच्या बाबतीत ३० दिवसांपर्यंत स्वतःच्या अधिकारात देण्याची मुभा फार्मासिस्टला आहे. नियम ६५ मध्ये अशी तातडीच्या पुरवठ्याची स्वतंत्र तरतूद नाही. म्हणून आपल्याकडे चिठ्ठीवरील त्या एका ओळीचे मोल अधिक आहे.

हैदराबादची चिठ्ठी :

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्ये बदलली तरी उपचारांच्या वाटा पूर्णपणे बदलल्या नाहीत. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या भागांतील रुग्ण आजही मोठ्या आजारासाठी हैदराबाद गाठतात. उदगीर, निलंग्याकडील काही रुग्ण बीदरला, तर लातूरकडील अनेक रुग्ण सोलापूर व पुण्याला जातात. तेथील डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडची औषधे गावी परतल्यावर मिळत नाहीत. यात विक्रेत्याचा दोष नसतो. स्थानिक डॉक्टर जे ब्रँड लिहितात तेच स्थानिक घाऊक विक्रेत्याकडे येतात, व त्याच्याकडे असेल तेच किरकोळ दुकानात पोहोचते. हैदराबादच्या एखाद्या रुग्णालयात रोज लिहिला जाणारा ब्रँड मुखेडच्या दुकानात वर्षातून एकदाही मागितला जात नसेल तर तो तेथे ठेवला जाणार नाही.

अशा वेळी 'यात तेच औषध आहे, कंपनी फक्त वेगळी' असे सांगून दुसरे पाकीट पुढे केले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु अनुसूची एच, एच १ व एक्स मधील औषधाऐवजी दुसरे उत्पादन देण्यास, त्यात तोच घटक असला तरी, नियम ६५ ने स्पष्ट मनाई केली आहे. यावर उपाय पुन्हा चिठ्ठीतच आहे. ब्रँडच्या नावासोबत मूळ घटकाचे जेनेरिक नाव लिहिलेले असेल तर कोणत्याही कंपनीचे ते औषध घेण्याचा मार्ग खुला होतो. जेनेरिक नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी सूचना भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या आचारविषयक विनियमांत दुरुस्ती करून केली होती. रुग्णाने परगावचे रुग्णालय सोडण्यापूर्वीच 'आमच्याकडे हा ब्रँड न मिळाल्यास काय घ्यावे, ते लिहून द्या' अशी विनंती करावी. जनऔषधी केंद्रात औषधे जेनेरिक नावाने मिळतात. तेथेही अशा चिठ्ठीचा उपयोग होतो. अपस्मारासारख्या आजारात मात्र एका कंपनीचे औषध सोडून दुसऱ्या कंपनीचे घेताना डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तातील प्रमाणात थोडा फरक पडला तरी काही रुग्णांना त्रास होतो. परराज्यातील चिठ्ठी केवळ परराज्यातील आहे म्हणून नाकारण्यास नियम ६५ मध्ये आधार नाही.

प्रत्येक वेळी हैदराबादला जाणे शक्य नसते. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी या प्रश्नावर मोठा दिलासा दिला. त्याच डॉक्टरांना सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखविलेले असेल व आजार तोच असेल तर दूरध्वनीवरील सल्ला पुनर्भेट मानला जातो आणि चालू औषधांची नवी चिठ्ठी देता येते. स्वाक्षरी केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र मोबाइल संदेशाने पाठविणेही त्यात मान्य आहे. सहा महिने उलटले की तीच भेट पहिली समजली जाते व लिहिता येणाऱ्या औषधांवर मर्यादा येतात. अनुसूची एक्स मधील व अंमली पदार्थांच्या कायद्याखालील औषधे या मार्गाने लिहिता येत नाहीत. दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० रोजी, केंद्राने औषध घरपोच देण्यास परवानगी दिली. तिच्यातील अट अशी की दीर्घकालीन आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आत व तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आत सादर झालेली असावी.

हीच सोय ऊसतोडीसाठी व वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडावी. मुखेड, कंधार या भागांतून अशी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढ्या मुक्कामाचा अंदाज घेऊन निघण्यापूर्वीच पुनर्पुरवठ्याची ओळ लिहून घेतल्यास कारखान्याजवळच्या कोणत्याही दुकानात औषध मिळू शकते. इन्सुलिन मात्र एकदम अनेक महिन्यांचे घेऊन ठेवू नये. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि मे महिन्यात नांदेड-लातूरचे तापमान चाळीशी ओलांडते. जेथे शीतकपाट नाही तेथे मातीच्या ओल्या भांड्यात, बाटली कोरडी राहील अशा रीतीने, ती ठेवल्यास काही अंशी रक्षण होते. तरीही उन्हाळ्यात महिन्यापुरतेच घेणे शहाणपणाचे.

शासकीय रुग्णालयातील पुनर्पुरवठा :

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय पूर्वी शहरात वजिराबाद भागात होते. ते आता विष्णुपुरी येथे आहे. किनवट-माहूरकडील रुग्णाला शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करून, शहर ओलांडून तेथे जावे लागते. एवढे करून औषधाच्या खिडकीवर 'हे शिल्लक नाही, बाहेरून घ्या' असे उत्तर मिळाले तर दिवसाची मजुरी, प्रवासखर्च व औषधाची किंमत असा तिहेरी भार पडतो. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेवर अवलंबून असलेल्या ग्रामीण रुग्णाचे गणित याहून वेगळे नाही.

नांदेडच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ अर्भके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, रुग्णालय प्रशासनाने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही. तथापि त्यानिमित्ताने शासकीय औषधखरेदीची रखडलेली प्रक्रिया चर्चेत आली. पूर्वी ही खरेदी हाफकिन महामंडळामार्फत होत असे. त्यासाठी २०२३ मध्येच कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्या निर्णयाबाहेर राहिली, हा भेद रुग्णांना सहसा माहीत नसतो.

विमा योजनांतही अशीच एक फट आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होता. १ एप्रिल २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. योजनेतून अँजिओप्लास्टी विनामूल्य होते, पण रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा सर्वसाधारण पाठपुरावा १० दिवसांपुरता असतो. क्लोपिडोग्रेल मात्र अनेक महिने घ्यावे लागते. अकराव्या दिवसापासूनचा पुनर्पुरवठा कोठून होणार, हे घरी सोडण्याच्या कागदावर लिहून घेणे आवश्यक आहे. निवडक आजारांसाठी पाठपुराव्याची स्वतंत्र पॅकेजेस आहेत. त्याविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारणा करावी.

औषधांचा पुनर्पुरवठा गावाजवळ आणता येतो, हे याच राज्यात दिसून आले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे आरंभी निवडले गेले. ठरावीक औषधयोजना, रुग्णाचे उपचारपत्र आणि जवळच्या आरोग्य केंद्रातून ३० दिवसांच्या गोळ्या, असे त्याचे स्वरूप होते. मराठवाड्यातील एकही जिल्हा त्या पहिल्या यादीत नव्हता.

दाद कोठे मागावी :

तक्रार करण्यापूर्वी ती तक्रारीची बाब आहे काय, हे पाहावे. पुनर्पुरवठ्याची ओळ नसलेल्या जुन्या चिठ्ठीवर अनुसूची एच मधील औषध नाकारणारा विक्रेता नियम पाळीत असतो. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ जातो, औषध मिळत नाही. अशा वेळी त्याच्याच दुकानातून डॉक्टरांना दूरध्वनी करून नवी चिठ्ठी मागविणे हा जवळचा मार्ग होय. याउलट चिठ्ठी परिपूर्ण असताना व औषध दुकानात असताना सबळ कारणाशिवाय ते नाकारण्यास औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार मनाई आहे. त्याच आदेशानुसार सुट्या गोळ्यांची किंमत पट्टीच्या किमतीच्या प्रमाणापेक्षा अधिक घेता येत नाही. दहा दिवसांपुरतेच पैसे जवळ असलेल्या रुग्णाने ही तरतूद लक्षात ठेवावी.

अशा प्रकरणांत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे लेखी अर्ज करावा. अर्जात दुकानाचे नाव, दिनांक व वेळ, औषधाचे नाव आणि नाकारताना सांगितलेले कारण लिहावे. चिठ्ठीची प्रत जोडावी. फार्मासिस्टच्या वर्तनाविषयीची तक्रार महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे जाते. चुकीचे औषध दिल्याने हानी झाली असल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क आकारले जात नाही. तेथे बिल हाच मुख्य आधार ठरतो. बिल न मागता घेतलेल्या औषधाबद्दल पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

शासकीय रुग्णालयातून सर्वांना विनामूल्य मिळणारी सेवा, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानुसार, ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेथे औषध शिल्लक नसल्यास रुग्णपत्रिकेवर 'उपलब्ध नाही' असा शेरा दिनांकासह लिहून घ्यावा व तो वैद्यकीय अधीक्षकांना दाखवावा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करण्याचा मार्ग सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांना उपलब्ध असतो, आणि त्यासाठीची मागणी अशा लेखी शेऱ्यांवरूनच पुढे मांडता येते.